नशिबाचा चहा

आमच्या सुखराम भाऊजींनी उभ्या जन्मात चहा केला नव्हता. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, कोणता नवरा करते? तसं नाही बावा. त्या घरात चहा करावा न लागणं हा मान होता, आणि तो मान एकट्या भाऊजींकडं होता. बाकी आम्ही सगळे त्या गॅससमोर उभे राहून राहून झिजलो. माझी बहीण, तिचा पोरगा, सून, आणि सगळ्यात जास्त मी.

मी शकु. पार्वताबाई माझी थोरली बहीण, मी तिला नुसतं बाई म्हणते. आम्ही दोघी भंडाऱ्याकडच्या. ती लग्न होऊन जबलपूरला आली, मग तिनंच स्थळ पाहून मलाही इकडं ओढलं. तिचं घर तिथल्या गढा भागात आणि माझंही गढ्यातच, दोन गल्ल्या सोडून. मी ब्लाउज शिवते. तोंडानं फटकळ आहे, ते तुम्हाला कळेलच.

भाऊजी, म्हणजे सुखराम मेश्राम, फॅक्टरीत फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. शांत माणूस. आवाज चढवणार नाही, बायकोवर हात उगारणार नाही, दारूला शिवणार नाही. पण एका गोष्टीत असा कडू की विचारू नका. घरात कोणी 'नशीब' म्हणायचं नाही. ज्याच्या तोंडून तो शब्द निघाला त्यानं उठायचं आणि घरात असतील तेवढ्या माणसांचा चहा करायचा. त्याला आम्ही नशिबाचा चहा म्हणायचो.

हे वेड त्यांच्या वडिलांपासून आलं. वडील खेड्यातले. तिथं विहिरीवर आपल्या लोकांना चढू देत नव्हते. बाया घागरी घेऊन खाली बसायच्या, वरून कोणी ओतलं तर पाणी. एका उन्हाळ्यात कोणीच ओतलं नाही. भाऊजींची एक आत्या होती, लहान पोरगी, ती नदीच्या डबक्यातलं पाणी प्याली आणि हगवणीनं गेली. गाववाले म्हणाले, तिच्या नशिबात तेवढंच होतं. आजानं ते ऐकून हात जोडले. वडिलांनी नाही जोडले. पुढं नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा घरातले देव नदीत सोडले, आणि भाऊजी म्हणतात, देवांसोबत हा शब्दही सोडला.

"पोरगी पाण्यापायी गेली," भाऊजी सांगायचे. "पाणी ज्यानं अडवलं त्याला नाव होतं, घर होतं, वावर होतं. पण नशीब म्हटलं की कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही."

म्हणून चहाच्या आधी आणखी एक सजा असायची. भाऊजी विचारायचे, "नाव सांग." जे झालं ते कोणी केलं, ते सांगायचं. भाजी करपली, नशीब म्हणाली, तर नाव सांग. पोरगा नापास झाला, नशीब म्हणाला, तर नाव सांग. बाई नवी नवरी असताना दूध उतू गेलं आणि सवयीनं म्हणाली, नशीबच फुटकं माझं. भाऊजींनी विचारलं, नाव सांग. ती बिचारी रडकुंडीला आली. शेवटी म्हणाली, माझं, माझंच लक्ष नव्हतं. भाऊजी खूश झाले. म्हणे, बघ, आता उद्या लक्ष देशील ना?

माझं तर रोजचंच होतं. माझा नवरा पिऊन पिऊन मेला. एकदा मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊजी, माझ्या नशिबातच असा होता."

"नाव सांग."

"काय नाव सांगू? मेलं ना माणूस!"

"लग्न कोणी जमवलं? तुझ्या बहिणीनं. चौकशी कोणी नाही केली? मी. पाजली कोणी? त्याच्या दोस्तांनी. आणि तू सोडून काहून नाही आली, ते तू सांग."

असा राग आला म्हणता! उठली, चहा केला, आणि भाऊजींच्या कपात साखरेऐवजी मीठ टाकलं. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि सगळा कप संपवला. घरी जाऊन मी लय रडली, पण खोटं काहून बोलू, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या संसाराचा कोणीतरी नीट हिशोब विचारला.

या नियमाचा खरा चौकीदार होता प्रितम, त्यांचा एकुलता एक पोरगा. त्याचे कान असे तिखट की तुम्ही मनात म्हटलं तरी त्याला ऐकू यायचं. टीव्हीवरचा माणूस नशीब म्हणाला की हा ओरडायचा, "चलो भैया, चाय चढ़ाओ!" स्वतःच्या लग्नात स्टेजवर बसला होता, आणि नवरीचा, म्हणजे मोनाचा मामा माईकवर म्हणाला की आमच्या पोरीचं नशीब चांगलं. प्रितम खुर्चीतून उठला आणि म्हणतो कसा, "मामाजी, पूरे मंडप की चाय!" सगळा मंडप हसला. मोनाला काहीच समजलं नाही, ती नवरी बिचारी इकडंतिकडं पाहत होती. मग तिलाही सवय झाली. फार गोड पोरगी. मराठी समजते सगळं, बोलताना अर्धं हिंदीत घसरते.

आता या नाण्याची दुसरी बाजू सांगते, ती नाही सांगितली तर पुढचं कळणार नाही. भाऊजींचं म्हणणं होतं, नशीब नाही म्हणजे माणूस मोकळा. आणि माणूस मोकळा तर दुसऱ्यानं त्याचं ठरवायचं नाही. बापानंही नाही. प्रितम लहान असताना त्याला बूट घ्यायला नेलं. दोन जोड आवडले. पोरगा म्हणे, बाबा, कोणता घेऊ? भाऊजी म्हणाले, तू ठरव. पोट्टा एक पाय याच्यात घालते, एक त्याच्यात. रडायला लागला. भाऊजी बाकावर बसून राहिले. दुकानवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं तरी ठरलं नाही, आणि बापलेक तसेच घरी आले, बिना बुटांचे. बाई चिडली. मी म्हटलं, "भाऊजी, लेकराला एवढं मोकळं सोडू नका, मोकळं ढोरही संध्याकाळी दावणीलाच येते." ते म्हणाले, "ढोरच येते, शकु."

असा माणूस. काय बोलणार त्याच्यापुढं?

लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी प्रितमला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. इकडं एका दोस्ताची पिकअप गाडी विकायला निघाली होती, ती घेऊन भाजीची वाहतूक करायची असंही त्याच्या मनात होतं. बापाला विचारलं, "बाबा, पुण्याला जाऊ की गाडी घेऊ?"

"तू ठरव."

परत विचारलं. जेवताना विचारलं, विहारातून येताना विचारलं. एकदा तर माझ्यासमोरच म्हणाला, "एक बार बोल दो ना, बाबा. तुम्ही म्हणाल ते करतो." भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी म्हटलं आणि तू केलं, तर ते तुझं काय राहिलं?"

बाईनं मात्र सांगितलं. बाईला कुठं तत्त्व होतं? तिला पोरगा होता. ती म्हणाली, "नको जाऊ रे, डोळ्यासमोर राहा." दोन दिवस नीट जेवली नाही. आणि प्रितम राहिला. गाडी घेतली. हिवाळ्यात आपल्याकडं मटाराचा धंदा जोरात असते, पाटनकडच्या वावरांतून माल उचलायचा आणि सकाळच्या आत मंडीत टाकायचा. पहिल्याच जानेवारीत, धुक्यात, गाडी उलटली. समोरून कोणी आलं, की झोप लागली, की चाक घसरलं, कोणालाच कळलं नाही. गाडीखाली प्रितम होता आणि रस्ताभर मटार सांडले होते. लोकांनी ते पिशव्यांत भरून नेले.

त्यानंतर त्या घराला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. रडणं असतं तर सांगता आलं असतं. रडणं पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपलं. बाई जिथं बसवलं तिथं बसायची. ताटात वाढलं ते खायची. एकदा मी भाजीत मीठ टाकायचं विसरली, तिनं तशीच खाल्ली. एकदा दोनदा टाकलं गेलं, तशीच खाल्ली. टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. मोना माझ्याकडं येऊन ब्लाउजांना हुक लावायची आणि हुक संपले तरी सुई धरून बसायची. भाऊजी सकाळी फिरायला जायचे, दार उघडं ठेवून जायचे, उघड्या दारातून परत यायचे. भांडण नाही, आदळआपट नाही. मी आपली जायची, बडबड करायची, आणि माझाच आवाज मला भिंतीवरून परत ऐकू यायचा. मला राग यायचा. कोणावर, तेच समजत नव्हतं.

भेटायला येणारे सगळे तोच शब्द घेऊन यायचे. शेजारची तिवारीण म्हणाली, "भाभीजी, होनी को कौन टाल सकता है." नागपूरचे सोयरे म्हणाले, नशीब. फॅक्टरीतले जुने लोक म्हणाले, नशीब. कोणालाच कोणी चहाला उठवलं नाही. उठवणारा तर गेला होता.

बाई फक्त एक गोष्ट विचारायची. दूध आलं का, असं विचारावं तशी विचारायची, "अजी, त्याच्या नशिबात तेवढंच होतं ना?"

भाऊजी गप्प राहायचे. हो म्हणायचे नाही, नाहीही म्हणायचे नाही. हातांकडं पाहत बसायचे. आणि बाई पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवायची.

तुम्ही त्या घरचे नाही, म्हणून तुम्हाला ती चुप्पी साधी वाटेल. मला नाही वाटायची. त्या घरात चाळीस वर्षं एकच कायदा होता. नशीब नाही, तर नाव सांग. आणि इथं नाव कोणाचं? गाडी उलटली ती कोणी उलटवली ते माहीत नाही. मग मागं मागं जायचं. गाडी काहून घेतली? पुण्याला गेला नाही म्हणून. पुण्याला काहून गेला नाही? 'नको जाऊ रे' म्हणाली म्हणून. बाईला हे कोणी सांगायची गरजच नव्हती. नवऱ्यानं तिला जन्मभर तेच शिकवलं होतं. तिला तो एक शब्द पाहिजे होता, नवऱ्याच्या तोंडून, आणि तो माणूस देत नव्हता.

एक दिवस मी भाऊजींना गल्लीच्या तोंडावर गाठलं आणि घेतलं फैलावर. "एक शब्द आहे, भाऊजी! म्हणून टाका ना. तुमचं काय जाते? डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईला वाटेत टेकवायला धोंडा लागते की नाही?"

"धोंड्यावर भारा टेकला की तो लादला कोणी हे माणूस विसरते, शकु."

"विसरू द्या! मरून राहिली माझी बहीण!"

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, "नाव तिचं नाही. माझं आहे. त्यानं मला कितीदा विचारलं. मी म्हटलं असतं जा, तर गेला असता. मी म्हटलं असतं नको, तरी निदान माझ्या शब्दानं राहिला असता. मी काहीच म्हटलं नाही."

"मग हे तरी तिला सांगा."

"सांगितलं तर ती म्हणेल, नाही, माझं. एका नावासाठी दोघं भांडत बसू काय आता?"

मी पिशवी उचलली आणि घरी गेली.

असं करत वर्ष निघालं. विहारात प्रितमच्या नावानं वंदना झाली, पांढरे कपडे घालून सगळे बसलो, खीर वाटली. त्यासाठी नागपूरहून मोनाचा भाऊ अश्वजीत आला होता. सरळ पोरगा. दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीत भाऊजींसमोर बसून त्यानं मनातलं मांडलं. मोनानं लग्नाआधी रक्त तपासायचा कोर्स केला होता. नागपुरात एका लॅबमध्ये तिच्यासाठी जागा आहे. राहायला भावाकडंच राहील. "और बाबूजी, छुपाऊंगा नहीं," तो म्हणाला, "पुढं चांगला माणूस मिळाला तर आम्ही तिचं पाहू. तिचं वय काय आहे?" लॅबवाल्यांना आजच सांगायचं होतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत निघायचं होतं.

मी कोपऱ्यात हुक लावत होती. बाई पलंगावर बसली होती. मला सांगा, पोरीनं जायलाच पाहिजे होतं की नाही? सव्वीस-सत्तावीसची पोरगी त्या मुक्या घरात सडून गेली असती. पण ती गेली तर बाईजवळ कोण? बाईच्या ताटात वाढणारी, तिचे केस विंचरणारी तीच होती. मी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून बंद केलं.

भाऊजी म्हणाले, "मोना ठरवेल."

मोना दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा."

"तू ठरव, बेटा. तुझं आयुष्य आहे."

"प्रितमला पण तुम्ही हेच म्हटलं होतं."

रागानं नाही म्हणाली हो. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात पुडी मागावी तशा आवाजात म्हणाली. अश्वजीतनं मान खाली घातली. माझी सुई बोटात गेली आणि मी ती तशीच राहू दिली.

मोना बोलतच राहिली, त्याच आवाजात. "मी जाते म्हटलं तर मी आईला सोडून गेली. उद्या आईचं काही झालं, तर नाव सांग. माझंच नाव. मी राहते म्हटलं तर..." ती थांबली. "मला माहीत नाही, बाबा. मला आतमधी काही होतच नाही. ना जायचं वाटते, ना राहायचं वाटते. लोग बोलते हैं, तू फ्री है, तुझ्या मनानं कर. मनच नाही लागून राहिलं तर कुठून करू? मुझसे नहीं होगा."

भाऊजी तिच्याकडं पाहत राहिले. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी भाऊजींच्या वडिलांचा, आणि त्याच्या खाली प्रितमचा. त्यांनी एकाही फोटोकडं पाहिलं नाही. पोरीकडंच पाहत होते. मला वाटलं आता पुन्हा म्हणतील, तू ठरव, आणि मी उठून काहीतरी फोडीन.

ते म्हणाले, "मोना, तू जा. तुझ्या नशिबात तिकडचंच आहे."

आई शपथ सांगते, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण बाईनं मान वर केली होती. वर्षभर त्या बाईनं कोणाच्या बोलण्यावर मान वर केली नव्हती.

भाऊजी थांबले नाही. "नशिबातच आहे ते. तू नाही ठरवलं, मी नाही ठरवलं. कोणाचंच नाव नाही त्यात. उद्या इथं काय होते, काय नाही, तुझ्यावर त्याचं काही नाही. जा तू. भावासोबत आजच जा."

एवढं बोलून ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वयंपाकखोलीत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. मग विचारलं, "पातेलं कुठं असते?"

मोना धावली. "बाबा, रहने दो, मैं बनाती हूँ ना."

"बस तू," भाऊजी म्हणाले. "ज्यानं म्हटलं त्यानं करायचा."

मोना दारातच खाली बसली आणि रडली. प्रितम गेल्यापासून, त्या पहिल्या दिवसांनंतर, मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता रडली ती अशी, तोंडाला पदर नाही, काही नाही, लहान पोरीसारखी. मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडली. लाज कोणाची?

चहा काय झाला म्हणता! दूध उतू गेलं, पत्ती जास्त पडली, आलं किसायचं सोडून तुकडाच्या तुकडा टाकलेला. सगळ्यांनी कप घेतले. अश्वजीतला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, तो म्हणाला, "बाबूजी, चाय बढ़िया है." मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं बोललाच नाही.

बाईनं कप हातात धरला होता, पीत नव्हती. नवऱ्याकडं पाहत होती.

"तिले म्हटलं," ती म्हणाली.

भाऊजींनी कप खाली ठेवला.

"तिले एका दिवसात म्हटलं. मी वर्षभर मागून राहिली."

"पार्वता, ते खोटं होतं," भाऊजी म्हणाले. "तिला जाता यावं म्हणून म्हटलं. तुझ्याशी कसं खोटं बोलू?"

"मले का माहीत नाही खोटं आहे?" बाई म्हणाली. "चाळीस वर्षं तुमच्या घरात आहो मी. मले खोटंच पाहिजे होतं, जी."

आवाज चढला नव्हता, डोळ्यात पाणी नव्हतं. भाऊजींच्या तोंडावर एवढी लाज मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण समोर आम्ही होतो. मी मोनाचा हात धरला, अश्वजीतला डोळ्यानं खुणावलं, आणि सामान बांधायच्या निमित्तानं त्या दोघांना मागच्या खोलीत नेलं. मधलं दार ओढून घेतलं. आता मी कान लावून ऐकलं नाही असं म्हणणार नाही. लावला होता. पण काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मोना गेली. एक बॅग, एक पिशवी, आणि प्रितमचा एक स्वेटर अंगातच घातलेला. बाईच्या पाया पडायला वाकली तर बाईनं तिला वर उचललं आणि तिचा स्वेटर नीट केला, बटण लावलं. भाऊजी म्हणाले, "जयभीम, बेटा. पोचली की फोन कर." आम्ही दोघी दारात उभ्या होतो. रिक्षा वळली. मला वाटलं आता बाई पडेल, म्हणून मी मागं हात धरून उभी होती. ती पडली नाही. आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यात पोहे घेऊन गेली. मनात धाकधूक होती की आज बाईला कोण उठवेल, कोण वाढेल. दार उघडंच होतं. बाई अंगणात उन्हात पलंगडीवर बसली होती. केस स्वतः विंचरले होते, वाकडा भांग पडला होता. आतून भांड्याचा आवाज. डोकावून पाहिलं तर भाऊजी गॅससमोर उभे, हातात चिमटा, पातेल्यात चहा.

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "काय भाऊजी, आता शौकच लागला काय?"

त्यांनी चहा गाळला, अर्धा बाहेर सांडला, उरलेला कपात घालून बाईला नेऊन दिला. बाईनं फुंकर घातली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर लय झाली," ती म्हणाली. "उद्या कमी टाका."

वर्षभर जिनं मीठ आहे की नाही ते सांगितलं नव्हतं, ती म्हणाली साखर लय झाली. मी पोह्याचा डबा तिथंच ठेवला आणि नळावर हात धुवायला गेली, उगाच.

आता मोनाचे फोन येतात. लॅबमध्ये लागली, बरी आहे, आवाजात थोडा जीव आला आहे. भाऊजी तसेच आहेत. परवा विहारात कोणी म्हणालं, आपल्या लोकांच्या नशिबातच संघर्ष आहे, तर भाऊजी पहिल्यासारखे त्याच्यावर धावून गेले, म्हणे नाव सांग. मी मागं बसून ऐकत होती. हसूही आलं, राग पण आला.

पण घरात रोज सकाळी चहा तेच करतात. बाई उठायच्या आधी नाही, उठल्यावर. ती उठते, दोघं काही बोलतात, आणि मग ते गॅसकडं जातात. काय बोलतात ते मी विचारलं नाही. त्या घरात चहा कोणाला करावा लागते, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.